इंजिनावर बसून गेलेली मोगरी

भटू बडगुजरला कबुतरांचा नाद लागला तो सुरतेत आल्यावर. अमळनेरजवळच्या त्याच्या गावातही कबुतरं होती, पण ती देवळाच्या शिखरावर राहायची आणि कुणाच्या मालकीची नव्हती. लिंबायतला त्याने दोन खोल्या घेतल्या, त्यांच्यावर स्लॅब होता, आणि लूमच्या खात्यात बारा तास खडखडाट ऐकून आलेल्या माणसाला त्या स्लॅबवर जाऊन उभं राहिलं की कान धुतल्यासारखे वाटायचे. एकदा तिथे एक दमलेलं कबूतर येऊन बसलं. त्याने त्याला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी ते गेलं नाही. तिसऱ्या दिवशी भटूने त्याच्यासाठी फळ्या आणल्या, आणि सहा महिन्यांत स्लॅबवर अकरा पाखरांची ढाबळ उभी राहिली.

त्याची बायको सुंदरा हिचं म्हणणं असं की, माहेरचे पाहुणे चार दिवसांनी तरी जातात, हे काही जायचं नाव घेत नाहीत. म्हणायची असं, पण सकाळी बाजरीची परात घेऊन जिना चढायची तीच. पाखरंही भटूपेक्षा तिच्या पायांत जास्त घोटाळायची. त्यातली मोगरी नावाची पांढरीशुभ्र मादी तर दाणे सोडून सुंदराच्या पायातल्या जोडव्यावर चोच मारायची. सुंदरा तिला रोज रागवायची आणि रोज पाय तिथेच ठेवायची.

ही मोगरी म्हणजे भटूचा जीव की प्राण. व्याऱ्याहून सोडली, तासाभरात घरी. नवापूरहून सोडली, चहाच्या वेळेच्या आत घरी. तिला सोडायला तिथवर कोण जायचं, असा प्रश्न कुणालाही पडेल. कुणी जायचं नाही. ते काम तापी लाइनच्या पॅसेंजरचं होतं. टोपलीत पाखरू घालायचं, झाकण सुतळीने शिवायचं, वर स्टेशनचं नाव आणि सोडायची वेळ लिहायची आणि टोपली गार्डाच्या डब्यात द्यायची. तिकडचा हमाल टोपली फलाटावर ठेवून झाकण उघडायचा, पाखरू आकाशात आणि रिकामी टोपली परतीच्या गाडीला. त्या वर्षी, म्हणजे ब्याण्णव साली, मुंबईकडच्या मोठ्या लाइनवर विजेच्या गाड्या पळत होत्या, पण सकाळच्या या पॅसेंजरला अजून कोळशाचंच इंजिन लागत होतं. त्यामुळे ती प्रत्येक मोठ्या स्टेशनात पाणी पिण्यासाठी थांबायची आणि भटूच्या मते तिचं हे वागणं अगदी घरच्या माणसासारखं होतं.

असे पाखरं पाठवणारे सुरतेत पाच जण होते. त्यांच्यात सगळ्यात मानाचे छगनकाका. बेगमपुऱ्यात त्यांचं जरीचं काम होतं आणि घरात तीन पिढ्यांची कबुतरं होती. त्यांचा बादशाह नावाचा नर काळसर राखाडी रंगाचा, छातीवर हिरवी झाक असलेला, आणि चालायचाही नावाप्रमाणे. दर हिवाळ्याच्या शेवटी पाचही जण एकेक पाखरू नंदुरबारला पाठवायचे आणि ज्याचं पहिलं घरी पोचेल त्याला फुलांचा हार आणि बाजरीचं एक पोतं मिळायचं. गेली चार वर्षं ते पोतं बेगमपुऱ्यात जात होतं.

शर्यतीचे पंच होते उधना स्टेशनच्या पारसल ऑफिसातले वसंतराव पेंडसे. नाशिकचे, सडपातळ, मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी स्टेशनच्या घड्याळाशी लावून घेणारे. त्यांना कबुतरांची काडीचीही आवड नव्हती. पहिल्यांदा भटू टोपली घेऊन आला तेव्हा त्यांनी छापील फॉर्म उलटसुलट पाहिला. त्यात कोंबड्या होत्या, शेळ्या होत्या, कुत्री होती, कबूतर नव्हतं. अर्धा तास विचार करून त्यांनी 'कोंबडी (उडणारी)' असं लिहिलं आणि शिक्का मारला. असा माणूस कुणाच्याही बाजूने झुकणार नाही, हे पाचही जणांना त्याच दिवशी कळलं, आणि सगळ्यांनी मिळून त्यांना पंच व्हायची गळ घातली.

नियम वसंतरावांनीच लिहून काढले होते. निघताना प्रत्येक पाखराच्या पायात ते एक रबरी कडी घालत. पाखरू घरी पोचलं की मालकाने ती कडी काढायची आणि पारसल ऑफिसात आणून टेबलावर ठेवायची. टेबलावर कडी पडली ती वेळ खरी, बाकी कुणी काय पाहिलं आणि कुणी काय ऐकलं ते खोटं. दुसऱ्याचं पाखरू चुकून आपल्या घरी उतरलं तर त्याला हात लावायचा नाही, ताबडतोब उडवून द्यायचं.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी भटूने मोगरीला कोमट पाण्यात अंघोळ घातली. सकाळी उठून पुन्हा ओल्या फडक्याने तिचे पंख पुसले, चोच पुसली, पाय पुसले. सुंदरा म्हणाली की मुलगी दाखवायला नेताहात की शर्यतीला, तर भटू म्हणाला, नंदुरबारच्या लोकांनी पाहिलं पाहिजे की सुरतेचं पाखरू कसं असतं. या सगळ्यात साडेसहाची गाडी सुटायला दहा मिनिटं राहिली तेव्हा तो सायकलवरून उधन्याला पोचला.

वसंतरावांनी घड्याळाकडे पाहत मोगरीच्या पायात कडी घातली आणि रजिस्टरात 'रंग पांढरा' अशी नोंद केली. भटू टोपली घेऊन गाडीच्या शेवटाकडे पळाला. तिथे गार्ड दार लावत होता. लग्नसराईचे दिवस, खानदेशात जाणाऱ्या साड्यांच्या गाठींनी त्याचा डबा छतापर्यंत भरला होता. बाकीच्या चार टोपल्या त्याने कशाबशा गाठींवर बसवल्या होत्या. पाचवीला जागा नाही, असं त्याने सरळ सांगितलं. भटूने हात जोडले, अमळनेरची शपथ घातली, पण गार्ड धुळ्याचा निघाला.

तेवढ्यात भटूला काशिनाथ आठवला. काशिनाथ हा इंजिनाचा ड्रायव्हर, भटूच्या शेजारच्या गावचा, वयाने मोठा आणि मनाने त्याहून मोठा. भटू टोपली डोक्यावर धरून गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. काशिनाथने त्याचं सगळं ऐकून घेतलं, टोपलीच्या फटीतून मोगरीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "दे इकडे. गाठोड्यांत कशाला, आमच्याबरोबर येईल ती."

फायरमनने टोपली वर घेतली आणि मागच्या कोळशाच्या ढिगाच्या कडेला पक्की बांधली. इंजिनाने शिट्टी दिली. भटू फलाटावर उभा राहून पाहत राहिला. काळ्या कोळशावर ती टोपली आणि टोपलीत पांढरी मोगरी. त्याला वाटलं, हिला आज पहिल्या वर्गाच्याही पुढे जागा मिळाली.

छगनकाका आपली टोपली देऊन चहाच्या गाड्यावर उभे होते. भटूला हे त्यांना सांगितल्याशिवाय राहवेना. तो त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिला, चहा मागवला, आणि सहज बोलावं तसं म्हणाला की काका, तुमचा बादशाह माल म्हणून गेला, आमची मोगरी ड्रायव्हरसाहेबांबरोबर गेली. काकांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि मान डोलावली. जुने कबूतरवाले शर्यतीच्या दिवशी फार बोलत नाहीत.

दुपारी साडेबारापासून भटू स्लॅबवर होता. वसंतरावांनी सांगून ठेवलं होतं की पाखरं साडेअकराला सोडली जातील. म्हणजे सोनगडचे डोंगर ओलांडून यायला, ससाण्याने गाठलं नाही तर, अडीच तास धरायचे. त्याने सुंदराला सकाळीच ताकीद दिली होती की आज दोरीवर कपडे नकोत, जिन्यात आवाज नको, शेजारच्या मंदाबाईंना म्हणावं रेडिओ बंद ठेवा. सुंदरा सगळं ऐकून मंदाबाईंकडेच पापड लाटायला निघून गेली होती.

दोनला आठ मिनिटं कमी असताना पूर्वेकडून एक ठिपका आला. भटूचे डोळे लकाकले. ठिपका मोठा झाला, खाली आला, पाण्याच्या टाकीभोवती एक फेरी मारली आणि ढाबळीसमोरच्या फळीवर उतरला. भटूचा चेहरा पडला. पाखरू काळं होतं. चोचीपासून शेपटीपर्यंत काळं, पंख जरा विस्कटलेले, आणि पायात रबरी कडी.

आता पाच पाखरांत गडद रंगाचं पाखरू एकच, हे भटूला चांगलं ठाऊक होतं. बादशाह पूर्वीही एकदा इथल्या माद्यांच्या नादाने या स्लॅबवर उतरला होता. म्हणजे हा छगनकाकांचा नर, शर्यतीत सगळ्यांच्या पुढे आला आणि स्वतःचं घर सोडून इथे बसला.

भटूने नियम आठवला. हात लावायचा नाही, ताबडतोब उडवून द्यायचं. कोपऱ्यात फडकं बांधलेला बांबू उभा होता. भटूने बांबूकडे पाहिलं, मग पाखराकडे पाहिलं. मग त्याच्या मनात विचार आला की पाखरू केवढ्या लांबून आलंय, दमलंय, पाणीबिणी न देता लगेच हाकलणं माणुसकीचं नाही. आणि हात लावायचा नाही असं नियमात आहे, दाणे टाकायचे नाहीत असं कुठे लिहिलंय?

त्याने वाटीत पाणी आणून फळीजवळ ठेवलं. पाखराने चोच बुडवली ती वर काढेचना. मग त्याने खिशातून शेंगदाणे काढले. हे शेंगदाणे त्याने मोगरीसाठी राखून ठेवले होते, पण मोगरी येईपर्यंत हा इथे बसला तर बेगमपुऱ्यात काका हात चोळत बसतील, हे त्याला लख्ख दिसत होतं. त्याने एक दाणा टाकला. पाखराने खाल्ला. त्याने दुसरा टाकला. तिसऱ्याला पाखरू चालत त्याच्याजवळ आलं आणि चौथा त्याने सरळ त्याच्या तळहातावरून उचलला.

भटूला छगनकाकांची कीव आली. तीन पिढ्यांचा नाद आणि पाखराला शिस्त म्हणून नाही, कुणीही हात पुढे केला की आलं. त्याने ठरवलं की शर्यत संपली की काकांना हे एकदा नीट समजावून सांगायचं.

मग ढाबळीतून मोगरीचा नर बाहेर आला. गळा फुगवून तो त्या काळ्या पाखराभोवती गोल गोल नाचू लागला, घुमू लागला, वाकून नमस्कार घालू लागला. भटूला त्याची लाज वाटली. बायको तिकडे डोंगर ओलांडतेय आणि हा इथे परक्यापुढे नाचतोय, आणि परका तरी कोण, नर. त्याने नराला दटावून आत घातलं. काळं पाखरूही त्याच्यामागे आत जायला निघालं, तेव्हा भटूने दाराशी आणखी चार शेंगदाणे टाकून त्याला अडवलं. आत गेलं तर हात लावल्यासारखं होईल, एवढं त्याला कळत होतं.

दोन वाजले. सव्वादोन झाले. पूर्वेकडे आकाश स्वच्छ होतं आणि त्यात काही नव्हतं. भटू एक डोळा आकाशाकडे आणि एक पाहुण्याकडे ठेवून उकिडवा बसला होता. शेंगदाणे संपत आले होते. मोगरीला ससाण्याने तर गाठलं नसेल, ही शंका आली तशी त्याने ती झटकली आणि पाहुण्याला म्हणाला, "बस रे बाबा अजून दहा मिनिटं. तुझं काय जातंय?"

सुंदरा जिन्यावरून वर आली ती हातावरचं पीठ झटकत. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग पाखराकडे, मग फळीवर सांडलेल्या शेंगदाण्यांकडे. हे कुणाचं, असं तिने विचारलं. भटूने दबक्या आवाजात सगळं सांगितलं आणि सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं. सुंदराला हसू आलं नाही. दुसऱ्याचं पाखरू असं अडकवून ठेवणं तिला पटलं नाही, आणि तसं तिने बोलून दाखवलं. काकांनी आपल्या पोरीच्या बारशाला चांदीच्या तारेची टोपी पाठवली होती, ते विसरलात का, म्हणाली. भटूने तिला हळू बोलायला सांगितलं. ती बांबू घ्यायला कोपऱ्याकडे निघाली.

तिने दोन पावलं टाकली असतील, तोच ते काळं पाखरू भटूचा तळहात सोडून उतरलं, तुरुतुरु चालत तिच्या मागे गेलं आणि तिच्या जोडव्यावर चोच मारू लागलं.

सुंदरा थांबली. खाली वाकली, पाखराला दोन्ही हातांत उचललं आणि पदराचं टोक जिभेने ओलं करून त्याच्या मानेवर घासलं. पदर काळा झाला आणि मान पांढरी झाली.

"हाई आपली मोगरी शे," ती म्हणाली.

भटूने पाखराचा पंख उघडून पाहिला. आतल्या बाजूची पिसं दुधासारखी होती. त्याच्या डोळ्यांसमोर कोळशाचा तो ढीग आला आणि त्यावरची टोपली आली. नंतर काशिनाथकडून सगळं कळलं ते असं की, उन्हात पाखराला तहान लागेल म्हणून फायरमन मायेने दर स्टेशनाला टोपलीवर पाइपाने पाणी मारत होता, आणि दोन स्टेशनांच्या मध्ये कोळशाची पूड त्या ओल्या पिसांवर बसत होती. नवापूरपर्यंत मोगरी करडी झाली होती, नंदुरबारला उतरली ती काळीच. तशीच उडून ती सगळ्यांच्या आधी घरी पोचली होती, आणि भटूने तिला चोवीस मिनिटं शेंगदाणे खाऊ घातले होते.

"अहो, कडी काढा," सुंदरा म्हणाली. "का आणखी शेंगदाणे आणू?"

भटूने कडी काढली. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने मोगरीलाही पिशवीत घातलं आणि सायकलवर टांग मारली. लिंबायतपासून उधन्यापर्यंतचा रस्ता त्याने कसा कापला ते त्याला नंतर आठवत नव्हतं. पारसल ऑफिसात तो शिरला तेव्हा दोन वाजून एकतीस मिनिटं झाली होती आणि टेबलासमोरच्या बाकावर छगनकाका बसलेले होते. त्यांची कडी दोन सोळालाच टेबलावर पडली होती. बाकी तिघांचा अजून पत्ता नव्हता.

वसंतरावांनी भटूची कडी घेतली, आकडा पाहिला, वेळ लिहिली. मग चष्म्यावरून पाहत म्हणाले की नंदुरबारहून फोन आला तेव्हापासून ते काळजीत होते. तिकडच्या मास्तरांनी सांगितलं होतं, पाच पाखरं सोडली, दोन काळी, तीन करडी. पांढरं कुठाय विचारलं तर म्हणाले, पांढरं आलंच नाही. वसंतरावांनी रजिस्टरात तसा शेरा मारून ठेवला होता. भटूने पिशवीतून मोगरी काढून टेबलावर ठेवली. वसंतरावांनी रजिस्टर चटकन बाजूला ओढलं.

आता भटूच्या पोटात गोष्ट राहीना. मोगरी आली एक बावन्नला, लगेच निघालो असतो तर दोन पाचला मी इथे असतो, बाजरीचं पोतं माझं होतं. पण हे सांगायचं तर पुढचंही सांगावं लागणार, आणि पुढचं काकांसमोर कसं सांगायचं? त्याने ठरवलं की गप्प बसायचं. मोगरीला उशीर झाला, अंगावर कोळसा होता, संपलं.

छगनकाका बाकावरून उठले. कुणाचंही पाखरू समोर आलं की ते हातात घेतल्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्यांनी मोगरीला उचललं, पंख उघडून पाहिले, छातीचं हाड चाचपलं, मग गळ्याखालच्या पिशवीवर अंगठा फिरवला. तिथे त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं आणि भटूकडे पाहिलं. नंदुरबारहून उडत आलेलं पाखरू उपाशी असतं. त्याची पिशवी अशी गच्च कशी?

ते हळू आवाजात म्हणाले, "भटूभाई, आने तो पेट भरीने खाधुं छे."

भटूने वसंतरावांकडे पाहिलं. वसंतराव पेन बंद करून वाट पाहत होते. मग भटूने खाली मान घालून सगळं सांगितलं. बांबूकडे पाहिलं पण घेतला नाही, तेही सांगितलं. नर नाचला, त्याला दटावलं, तेही सांगितलं. बादशाहला शिस्त नाही असं मनात आलं होतं, तेवढं मात्र गाळलं.

ऐकता ऐकता काकांच्या कपाळावर आठी चढली. त्यांनी मोगरी टेबलावर ठेवली. "एटले तमे मारा कबूतरने अर्धो कलाक शिंग खवडावी?" त्यांनी विचारलं. भटूने मान डोलावली. अर्धा तास शेंगदाणे, आणि तेही तुमचंच समजून खाऊ घातले, हे कबूल होतं.

काका बाकावर बसले. त्यांचे खांदे हलू लागले. भटूला वाटलं, म्हाताऱ्याला फार लागलं. मग त्याने पाहिलं तर काका हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मधूनच मांडीवर थापट्या मारत. वसंतरावांनी त्यांना पाण्याचा पेला दिला. पाणी पिऊन झाल्यावर काका मोडक्या मराठीत म्हणाले की मी असतो तर शेंगदाणे दिले नसते, सरळ कोंडून घातलं असतं. तू शेंगदाणे दिलेस म्हणजे तू माझ्यापेक्षा बरा माणूस.

हार आणि पोतं अर्थातच बेगमपुऱ्याला गेलं. टेबलावर कडी पडली ती वेळ खरी, या वाक्यातला एक शब्दही वसंतराव हलवायला तयार नव्हते आणि भटूने तसं मागितलंही नाही. घरी गेल्यावर सुंदराने मोगरीला तीन पाण्यांतून धुतलं. ती तरीही आठवडाभर राखाडीच दिसत होती. भटूला मात्र लिंबायतच्या गल्लीत पाहुणचार हा शब्द महिनाभर ऐकावा लागला. चहा कमी पडला की लोक म्हणायचे, भटूकडे चला, तो शत्रूलाही शेंगदाणे देतो.

पुढच्या रविवारी छगनकाका स्वतः लिंबायतला आले. हातात नानखटाईचा पुडा होता. स्लॅबवर जाऊन त्यांनी मोगरीला पाहिलं, तिचा नर पाहिला, ढाबळीची फळीन् फळी पाहिली. मग खाली येऊन चटईवर बसले आणि मुद्द्याचं बोलले. पिसांत कोळसा घेऊन डोंगर ओलांडणारं पाखरू त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. मोगरीचं एक पिल्लू त्यांना हवं होतं.

भटूचा ऊर भरून आला. छगनकाकांसारखा माणूस आपल्या दारात येऊन पिल्लू मागतोय म्हटल्यावर तो एक काय, चारही द्यायला तयार होता. तो तोंड उघडणार तेवढ्यात चहा घेऊन आलेली सुंदरा म्हणाली, "पिल्लू देऊ, काका. पण पुढच्या शर्यतीत मोगरी माझ्या नावावर जाईल."

भटूला वाटलं ती गंमत करतेय. ती करत नव्हती. तिने काकांना समजावून सांगितलं की दाणे घालणार मी, धुणार मी, ओळखणार मी, आणि वहीत नाव यांचं. काकांनी एकदा भटूकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि बशी पुढे करून आणखी चहा मागितला. त्यांना हे रास्त वाटलं.

वसंतरावांना मात्र यावर दोन दिवस विचार करावा लागला. त्यांनी आपले नियम काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. बाईने शर्यत लावू नये असं त्यांत कुठे सापडलं नाही. मग त्यांनी रजिस्टरात लिहिलं, 'मालक: सौ. सुंदरा भटू बडगुजर'.

त्याच हंगामातली दुसरी, दोंडाईच्याची शर्यत होळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी होती. भटूने पहाटे टोपली पोचवली आणि सुंदराच्या हुकमाप्रमाणे घरी न जाता पारसल ऑफिसच्या बाकावर बसून राहिला. स्लॅबवर त्याला मज्जाव होता. पाखरं सुटल्याचा फोन आल्यावरचे अडीच तास त्याने कसेबसे काढले. मग घड्याळ पुढे सरकेना. तो उठायचा, दारात जायचा, परत येऊन बसायचा. वसंतरावांनी त्याला दोनदा सांगितलं की रजिस्टरावर सावली पडतेय, बसा. आधी छगनकाका आले आणि त्यांनी बादशाहची कडी टेबलावर ठेवली. मग रांदेरचा एक जण आला. आणि त्यानंतर दहा मिनिटांनी एक रिक्षा थांबली आणि त्यातून सुंदरा उतरली, डोक्यावर पदर, हातरुमालात गुंडाळलेली कडी, चेहरा शांत.

भटूने धावत जाऊन विचारलं की एवढा उशीर कसा. तिने सांगितलं की मोगरी येऊन टाकीवर बसली आणि पंख साफ करू लागली. लांबून आलेली, तिला घाई कशाला करायची? झालं तिचं, मग खाली उतरली. पाणी पाजलं, मग कडी काढली, मग आले. भटू कपाळाला हात लावून उभा राहिला. छगनकाका भिंतीकडे तोंड करून मिशीत हसत होते.

वसंतरावांनी वेळ लिहिली, तिसरा क्रमांक लिहिला आणि सहीसाठी रजिस्टर फिरवून तिच्यापुढे ठेवलं. सुंदरा चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने पेन घट्ट धरलं आणि एकेक अक्षर जोडत पूर्ण नाव लिहिलं, रेघ ओढली, रेघ जरा वाकडी गेली ती पुन्हा ओढली. मागे चौथा माणूस कडी घेऊन उभा होता, तो निमूट थांबला. सही झाल्यावर तिने पेनाचं टोपण लावलं आणि वसंतरावांना विचारलं की अमळनेरला ही गाडी किती वाजता पोचते. तिथे तिचा भाऊ होता, पुढच्या वेळी टोपली तोच उघडेल म्हणत होती.

वसंतरावांनी वेळापत्रक काढलं आणि पान शोधू लागले.